राहिलेला भागाकार

परातीतल्या पाण्यावर पावडरीचा अगदी विरळ थर होता आणि मधोमध, ड्रॉपरमधून पडलेल्या एका थेंबाने ती पावडर कडेला सारून केलेले जवळजवळ गोल, स्वच्छ पाणी दिसत होते. थेंब ओलेइक आम्लाचा, म्हणजे तेलासारख्या एका आम्लाचा होता, पण त्यात आम्ल नावापुरतेच होते. १ मिलिलिटर आम्लात स्पिरिट घालून २० मिलिलिटर केले, त्यातले १ मिलिलिटर घेऊन पुन्हा स्पिरिटने २० केले, म्हणजे थेंबाचा फक्त ४०० वा भाग आम्लाचा; स्पिरिट पाण्यात मिसळून आणि उडून जाते, आम्ल तेवढे पृष्ठभागावर पसरून राहते. एका मिलिलिटरमध्ये ५० थेंब बसतात हे मुलांनी आधीच मोजून ठेवले होते आणि गोलाचा व्यास फूटपट्टीने १८ सेंटिमीटर भरला. आकारमानाला क्षेत्रफळाने भागल्यावर थराची जाडी आली ती एका मिलिमीटरचे १० लाख भाग केले तर त्यांतल्या दोन भागांएवढी, म्हणजे २ नॅनोमीटर. इंदूरच्या तिलकनगरातल्या आमच्या गच्चीवर रविवारी सकाळी जमणारी ही मुले एवढ्या लहान आकड्यावर खूश झाली आणि एकमेकांच्या वह्या बघू लागली. आठवीतली एक मुलगी मात्र परातीकडेच बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, पण हे आपण मोजलं कुठे? आपण तर भागाकार केला."

तेवढ्यात खाली स्कूटरचे हॉर्न वाजू लागले. रविवारची सकाळ आणि घरोघरी पोहे-जिलबीची वाट बघणारी माणसे, त्यामुळे वर्ग तिथेच संपला. परात धुताना, दुपारी आडवे पडल्यावर आणि नंतरही कितीतरी वेळ ते वाक्य माझ्या मनातून जाईना. शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि इतका सरळ प्रश्न मला फारसा कोणी विचारलेला नाही. मुलीचे म्हणणे खरे होते. पेन्सिल मोजायची तर पट्टी तिच्या शेजारी ठेवायची, एक टोक शून्यावर आणायचे, दुसऱ्या टोकाजवळचा आकडा वाचायचा. मूल मोजमाप शिकते ते असे, शेजारी ठेवून. पण वाचायच्या अंतरावरून आपल्या डोळ्याला साधारण एक दशांश मिलिमीटरच्या खालचे दोन ठिपके वेगळे दिसेनासे होतात, आणि तिथून पुढे शेजारी ठेवण्याची सोयच उरत नाही. त्याच्या पुढचे सगळे मोजमाप वळसा घेऊन करावे लागते. शाळेच्या प्रयोगशाळेतला, तारेची वगैरे जाडी मोजायचा स्क्रू गेज हाही असाच वळसा आहे. एक पूर्ण फेरा दिला की दांडा १ मिलिमीटर सरकतो आणि त्या फेऱ्याचे गोल पट्टीवर १०० भाग पाडलेले असतात, म्हणून त्याचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर. तो भागाकार कारागिराने आपल्या आधीच करून लोखंडात कोरून ठेवलेला असतो, आणि म्हणून मुलांना तिथे आपण थेट मोजत आहोत असे वाटते.

त्या दुपारी मला वडिलांची फार आठवण आली. ते इथल्याच एका कापड गिरणीत सूत तपासणीच्या खात्यात होते. पाळी संपवून परदेशीपुऱ्यातल्या घरी आले की त्यांच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर कापसाची बारीक लव बसलेली असे आणि शर्टाला खळीचा, यंत्राच्या तेलाचा असा एक मिसळलेला वास येई. आई त्यांना मोरीपाशीच थांबवून ओला पंचा देई. त्यांच्या खात्यातली रॅप रील मी लहानपणी पाहिली होती. दीड वार परिघाची ती चरखी, तिला एक मूठ, आणि ८० फेरे झाले की टण्णकन वाजणारी घंटी. ८० फेऱ्यांचे सूत भरते १२० वार. तिला गिरणीत ली म्हणत, आणि सात लींची मिळून ८४० वारांची एक लडी. एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतील तेवढा त्या सुताचा नंबर, म्हणून नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. प्रत्यक्षात ते एकच ली काढत, तिचे वजन ग्रेन या बारीक मापात घेत आणि त्या आकड्याने १००० ला भागत. ली २५ ग्रेन भरली की सूत ४० नंबरचे. सुताची बारकाई शोधण्याच्या त्या सगळ्या खटाटोपात सुताच्या जाडीला पट्टी कोणी लावतच नसे.

मी एकदा त्यांना विचारले होते की सूत पट्टीवर ठेवून का बघत नाहीत. ते म्हणाले होते, "अगं, सूत दाबलं की दबतं, जरा फिरवलं की चपटं होतं. त्याला स्वतःची रुंदीच नाही. लांबी आणि वजन मात्र खोटं बोलत नाही." त्यांची आणखी एक सवय मला त्या दुपारी नव्याने दिसली. नवे सूत आले की ते रीलवर चढवण्याआधी ते एक धागा अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून हळूच घोळवत, डोळे थोडे बारीक करत आणि नंबर सांगत. मग रील फिरे, ली काट्यावर चढे, भागाकार होई आणि दोन्ही नंबर वहीत शेजारी शेजारी लिहिले जात. बोटांनी सांगितलेला नंबर आधी लिहायचा आणि तो नंतर बदलायचा नाही, असा त्यांचा नियम होता. दोन नंबरांत फरक पडला तर ते बोटांना लगेच दोष देत नसत. आधी काटा तपासत, मग हवा किती दमट आहे ते बघत, कारण कापूस हवेतले पाणी पितो आणि पावसाळ्यात तेच सूत जड भरते.

पुढच्या रविवारी मी परात पुन्हा काढली, पण या वेळी ओलेइक आम्ल कपाटातच ठेवले.

परात साबणाने घासून इतक्या वेळा खळबळून घेतली की मुले कंटाळली. मग ताज्या पाण्यावर भीमसेनी कापराचा थोडासा चुरा टाकला. हे पाहिलेले नसेल त्याने जरूर करून पाहावे. कापराचे कण पाण्याला लागताच जिवंत झाल्यासारखे पळू लागतात. काही स्वतःभोवती गरगरतात, काही वाकड्या वाटेने परातीच्या काठापर्यंत जाऊन परत येतात, दोन कण समोरासमोर आले की बाजूला होतात. कापूर ज्या बाजूने पाण्यात जास्त विरघळतो त्या बाजूचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणून धरणारी ओढ, कमी होतो आणि दुसऱ्या बाजूचे पाणी त्याला ओढून घेते, एवढेच त्यामागचे कारण. मुले परातीवर ओणवी झाली होती. एका मुलाला मी म्हटले, "डोक्यावरून बोट फिरव आणि पाण्याला हलकेच लाव." त्याच्या केसांना सकाळी खोबरेल लावलेले होते. बोट टेकले त्या क्षणी सगळे कण जागच्या जागी थांबले, मधले, काठाचे, सगळे. इतक्या कमी तेलाने इतक्या मोठ्या परातीभर पसरून सगळ्यांना थांबवले, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले.

१८९० साली इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी हेच केले. त्यांचे भांडे ८४ सेंटिमीटर व्यासाचे होते, तेल ऑलिव्हचे होते, आणि कापूर थांबण्यासाठी कमीत कमी किती तेल लागते हे त्यांनी वजन करून काढले. ते भरले ०.८१ मिलिग्रॅम. त्या वजनावरून तेलाचे आकारमान, त्याला पाण्याच्या क्षेत्रफळाने भागले, आणि थराची जाडी आली सुमारे १.६ नॅनोमीटर. मुलांनी हा भागाकार गच्चीवर स्वतः करून पाहिला आणि तो जुळला. मग मी त्यांना बेंजामिन फ्रँकलिन यांची हकिगत सांगितली. लंडनच्या क्लॅपम कॉमनमधल्या तळ्यावर वाऱ्याने लाटा उठत असताना त्यांनी चहाच्या चमच्याहून जास्त नसेल एवढे तेल ओतले, आणि ते पसरत पसरत जवळपास अर्ध्या एकराचे पाणी आरशासारखे सपाट झाले. १७७४ साली हे छापून आले. चमचा ४-५ मिलिलिटरचा आणि अर्धा एकर सुमारे २००० चौरस मीटरचा धरला तर जाडी २ ते २.५ नॅनोमीटर येते, म्हणजे आमच्या परातीतल्या उत्तराच्या अगदी जवळ. फ्रँकलिन यांना तेल किती हे माहीत होते आणि ते किती पसरले हेही माहीत होते. त्यांना लाटा शांत होण्यात रस होता. त्यांनी एकाला दुसऱ्याने भागले नाही, आणि त्या तळ्यावर पडून असलेले उत्तर ११६ वर्षे तसेच राहिले.

मोजणे झाले होते. भागाकार राहिला होता.

मुलीला हे पटले, पण ती तिथे थांबली नाही, आणि तिने थांबू नये असेच मला मनातून वाटत होते. तिने विचारले की थर २ नॅनोमीटरचा आहे हे ठीक, पण तो एकाच रेणूचा आहे हे कशावरून. तो दोन रेणूंचा, दहा रेणूंचाही असू शकेल. पाठ्यपुस्तकात 'थर एका रेणूएवढा जाड आहे असे मानू' असे एक वाक्य असते आणि वर्गात ते घाईने ओलांडले जाते. प्रयोगाचा सगळा कस त्या एका वाक्यात आहे. त्याचे उत्तर देण्याची वाट आग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनी मोकळी केली. ब्रन्सविकमध्ये आजारी आईवडिलांची सेवा आणि घरकाम सांभाळत, विद्यापीठाचे तोंडही न पाहता, त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेल्या एका उथळ पन्हळीवर पत्र्याची पट्टी आडवी टाकली. ती पट्टी सरकवली की पट्टीच्या एका बाजूचे पाणी, आणि त्यावरचा तेलाचा थर, हवा तितका आकसता येई. पाण्याला टेकलेले एक छोटेसे बटण वर उचलायला किती जोर लागतो ते बाई काट्यावर बघत आणि त्यावरून पृष्ठताण काढत. त्यांना दिसले की थर सैल आहे तोवर पृष्ठताण स्वच्छ पाण्याएवढाच राहतो, आणि जागा एका ठरावीक मर्यादेपेक्षा कमी केली की तो एकदम उतरू लागतो. १८९१ साली त्यांनी हे सगळे पत्राने रॅले यांना कळवले आणि रॅले यांनी ते 'नेचर'मध्ये छापून आणले. पुढे १८९९ मध्ये रॅले यांनी म्हटले की ती मर्यादा म्हणजे रेणू एकमेकांना खेटून, पण एकावर एक न चढता, दाटीने बसलेले असण्याची अवस्था असणार. मुलींना त्या बटणाचे फार कौतुक वाटले. मला त्यातली चिकाटी दिसत होती. एका भागाकारावर विश्वास ठेवण्यासाठी त्या बाईंनी अगदी वेगळी, दुसरीच गोष्ट मोजायला घेतली होती.

मी मुलांना शिकवू पाहते ते नेमके हेच, आणि ते शब्दांनी शिकवता येत नाही असा माझा अनुभव आहे. म्हणून आम्ही केसाकडे वळलो. केस प्रत्येकाचा स्वतःचा, डोक्यावरून उपटलेला. एका गटाने तो स्क्रू गेजमध्ये धरला. आधी शून्यांक त्रुटी, म्हणजे रिकाम्या गेजचे शून्य किती सरकले आहे ते, नोंदवली, मग टकटक आवाज येईपर्यंत मळसूत्र फिरवले, आणि वाचन आले ०.०६ आणि ०.०७ मिलिमीटरच्या मध्ये कुठेतरी. दुसऱ्या गटाला मी जिन्याच्या अंधाऱ्या खोलीत पाठवले. तिथे तोच केस लाल लेसरच्या तोंडावर ताणून चिकटवला होता आणि किरण ३ मीटरवरच्या भिंतीवर पडत होता, कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही अशा बेताने. केसाची सावली पडेल अशी त्यांची अपेक्षा होती. भिंतीवर दिसली ती उजेडाची एक आडवी ओळ, मधे लांबट तेजस्वी पट्टा आणि दोन्ही बाजूंना अंधाराने तोडलेले लहान लहान तुकडे. मध्यापासून पहिल्या काळ्या जागेपर्यंतचे अंतर साध्या फूटपट्टीने ३ सेंटिमीटर भरले. लेसरची तरंगलांबी, म्हणजे त्याच्या उजेडाच्या एका लाटेची लांबी, ६५० नॅनोमीटर, तिला ३ मीटरने गुणायचे आणि त्या ३ सेंटिमीटरने भागायचे, म्हणजे केसाची जाडी ०.०६५ मिलिमीटर. खोलीतल्या गटाला बाहेरच्या गटाचा आकडा मी कळू दिला नव्हता. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी आले तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. एका गटाने लोखंडाच्या मळसूत्रावर विश्वास ठेवला होता, दुसऱ्याने उजेडाच्या लाटांवर, आणि मळसूत्राला लाटांची काहीच खबर नव्हती. दोघेही एकाच जागी येऊन पोहोचले, याचा अर्थ केसाला खरोखरच तेवढी जाडी आहे.

शाळांतल्या प्रॅक्टिकल फाइलींबद्दल मला म्हणूनच मनापासून वाईट वाटते. मुले आधी उत्तर बघतात, मग त्या उत्तराला बसतील अशी वाचने लिहितात. मळसूत्र झिजलेले, शून्य जागेवर नसलेले, तरी चाळीस मुलांच्या फाइलींत तारेची जाडी दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत सारखी. गुणही त्यालाच मिळतात. यात खोटे बोलण्याची सवय लागते हे तर आहेच, पण त्याहून मोठे नुकसान मला वेगळे वाटते. एका वाटेने निघालेल्याने दुसऱ्याच्या पाऊलखुणा बघून आपली वाट वळवली की मग दोन वाटा उरतच नाहीत, आणि दोन आकडे जुळण्याला काही अर्थ राहत नाही. वडिलांनी बोटांचा नंबर आधी लिहून ठेवण्याचा नियम उगाच केला नव्हता. परीक्षकाने ०.४३ आणि ०.४७ अशी दोन प्रामाणिक वाचने आणणाऱ्या मुलाला जास्त गुण द्यावेत आणि त्याच्याशी त्या फरकाविषयी दोन मिनिटे बोलावे, असे मी नोकरीत असताना बैठकीत म्हणत असे आणि आजही म्हणते.

आमच्याच शहरात सुखनिवासच्या बाजूला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या लाटा, टिपण्यासाठी औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पात काम करणाऱ्या संस्थांपैकी ते एक, त्यामुळे मुलांच्या ओळखीतले कोणी ना कोणी तिथे असतेच आणि गुरुत्वीय लहरींचा विषय गच्चीवर निघतोच. अमेरिकेतल्या लायगोच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांत १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशा एका लहरीमुळे पडलेला लांबीतला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी होता. एवढ्या लहान थरथरीवर कोणी का विश्वास ठेवावा, असे मी मुलांना विचारले. उत्तर त्यांच्याकडे तयार होते. सुमारे ३००० किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांत तीच थरथर ७ मिलिसेकंदांच्या फरकाने उमटली होती.

सध्या गच्चीवर वर्खाचा वाद चालू आहे. सुरुवात काजूकतलीवरून झाली. वर्खाचे वजन दर चौरस मीटरला जास्तीत जास्त २.८ ग्रॅम असावे आणि चांदी ९९९ शुद्धतेची, म्हणजे हजारात ९९९ भाग शुद्ध असावी, असा खाद्यसुरक्षेचा नियम आहे. चांदीची घनता दर घन सेंटिमीटरला १०.५ ग्रॅम धरली तर जाडी पाव मायक्रॉनच्या थोडी वर येते, म्हणजे एका मिलिमीटरच्या जवळजवळ चार हजाराव्या भागाएवढी. मग आपल्या इथला वर्ख नियमात बसतो का ते बघू, असे ठरले. मिठाईवाल्याकडून वर्खाची एक गड्डी आणली. वर्खाला बोट लावले की तो बोटालाच चिकटतो आणि चुरगळतो, म्हणून कागदासकट वजन करायचे आणि वर्ख काढून घेतल्यावर नुसत्या कागदाचे पुन्हा करायचे, ही युक्ती मुलांनीच काढली. मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा सराफ्यातल्या एका ओळखीच्या दुकानदाराने दुपारच्या वेळी वापरू दिला. एका गटाची जाडी ०.२ मायक्रॉन आली, दुसऱ्याची ०.३. पहिला गट म्हणतो की दुसऱ्यांच्या वर्खांना घड्या होत्या आणि त्यांनी क्षेत्रफळ कमी धरले. दुसरा गट वर्ख उजेडासमोर धरून त्यातली बारीक भोके दाखवतो आणि म्हणतो की पहिल्यांनी भोकांचेही क्षेत्रफळ धरले आहे. नववीतल्या एका मुलाने सुचवले आहे की शंभर वर्ख एकावर एक रचून स्क्रू गेजमध्ये धरावेत, म्हणजे दोन-तीन घरे तरी सरकतील. थरांमध्ये हवा राहील, असे त्याला बाकीच्यांनी सांगितले, तर तो म्हणाला, "राहू दे ना, मग आकडा मोठाच येईल. वजनाच्या आकड्यापेक्षा लहान आला, तर मात्र वजनातच काहीतरी चुकलंय." हे मला फार आवडले. शंभर वर्ख आता आणायचे आहेत, आणि त्याच गड्डीचे वजन नव्याने करायला सराफ्यात दिवसाउजेडी जायचे आहे, कारण एकदा दुकाने बंद होऊन त्यांच्यासमोर गराडू आणि भुट्ट्याच्या किसाच्या गाड्या लागल्या की तिथे काटा मिळत नाही.